चार हातांचं डांबर

नळी ओव्हनमधून काढायची वेळ पहाटे चारची होती. 163 अंशांवर 48 तास उभी ठेवलेली अ‍ॅल्युमिनियमची नळी, आत डांबर. ती तशीच उभी फ्रीजरमध्ये ठेवायची, गार होऊन कडक झाली की आडवे काप देऊन तीन सारखे तुकडे करायचे. मधला टाकून द्यायचा, वरचा आणि खालचा वेगवेगळे वितळवायचे. मग पितळी कड्यांत ओतून, वर साडेतीन ग्रॅमची पोलादी गोळी ठेवून, दर मिनिटाला पाच अंश या हिशोबाने पाणी तापवत न्यायचं. डांबर मऊ पडलं की गोळी त्याला खाली ओढत नेते. ती तळाच्या पट्टीला टेकते ते तापमान म्हणजे त्या डांबराचा मृदुबिंदू. वरच्या आणि खालच्या तुकड्यात 3 अंशांपेक्षा जास्त फरक पडता कामा नये.

खालच्या तुकड्याच्या गोळ्या टेकल्या. मी आकडा लिहिला. वरच्या तुकड्याच्या गोळ्या जागच्या हलल्यासुद्धा नव्हत्या. लॅबमधले मामा भांड्याकडे वाकून बघत होते. ते म्हणाले, "मॅडम, ह्ये एकाच नळीतलं हाय व्हय?"

एकाच नळीतलं होतं. एकाच टँकरमधलं, मी स्वतः भरलेलं.

ही गोष्ट तुळजापूर तालुक्यातल्या एका रस्त्याच्या कामावरची. कंटेनरची लॅब, बाहेर हॉट मिक्स प्लांटची धडधड. मी मूळची कळंब तालुक्यातली. जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं, आता धाराशिव. सोलापूरला पॉलिमर रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत न जाता या रस्त्यावर आले, कारण घर दोन तासांच्या अंतरावर होतं. वर्गातल्या मैत्रिणींना वाटलं, शिकलेलं वाया घालवतेय. मलाही काही महिने तसंच वाटायचं. खडीची चाळणी, खडीतली ओल, डांबराचा मृदुबिंदू, रस्त्यातून कापून आणलेल्या कोअरची घनता, पुन्हा खडीची चाळणी. यात पॉलिमर कुठे आहे, असा प्रश्न मी स्वतःला विचारत असे. उत्तर रोज टँकर भरून दारात येत होतं.

साधं डांबर आपल्याकडच्या उन्हाला पुरत नाही. एप्रिल-मे महिन्यात इथे हवाच चाळीस अंशांच्या वर जाते, काळा रस्ता त्याहून कितीतरी जास्त तापतो. त्यात दिवाळीनंतर ऊसवाहतूक सुरू झाली की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि मोळ्यांनी वाकलेले ट्रक एकाच रेषेत महिनोन्‌महिने जातात. रस्त्याला चाकोऱ्या पडतात. पुढे पावसाळ्यात त्या चाकोरीत पाणी थांबतं आणि दुचाकीवाला त्यात घसरतो. अशी घसरलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून जास्त वर्दळीच्या रस्त्यावर वरच्या थराला पॉलिमर मिसळलेलं डांबर वापरतात. कामावरचे सगळे त्याला पीएमबी म्हणतात. त्याचं भारतीय मानक आहे आयएस 15462. मिसळायचं पॉलिमर बहुतेक वेळा एसबीएस असतं, म्हणजे स्टायरीन, ब्युटाडाईन, स्टायरीन.

या एसबीएसबद्दल मला मनापासून आदर आहे. मराठी विश्वकोश पॉलिमरला बहुवारिक म्हणतो, म्हणजे एकच घटक बहु वार जोडून झालेली साखळी. एसबीएसच्या साखळीत दोन जाती आहेत. दोन्ही टोकांना पॉलिस्टायरीन, जे शंभर अंशांच्या खाली काचेसारखं कडक असतं. मधे पॉलिब्युटाडाईनचा लांब पट्टा, जो शून्याखाली ऐंशी अंशांनाही रबरच राहतो. या दोन जातींचं एकमेकींशी पटत नाही. सुट्या असत्या तर तेल आणि पाण्यासारख्या वेगळ्या झाल्या असत्या. पण त्या एकाच साखळीत बांधलेल्या आहेत, दूर जायचं तर साखळीच्या लांबीइतकंच जाता येतं. मग त्या जमेल तितक्या वेगळ्या होतात. स्टायरीनची टोकं एकत्र येऊन बारीक कडक गाठी करतात, दहा-वीस नॅनोमीटर आकाराच्या, आणि आजूबाजूला रबर पसरतं. वर्गात यालाच सूक्ष्मप्रावस्था-विलगन म्हणत. तापवलं की गाठी सैल पडतात, गार झालं की पुन्हा घट्ट. आपल्या पायातल्या चपलेचा टीपीआर सोल बऱ्याचदा याच जातकुळीचा असतो. शेल कंपनीने हे रबर 1965मध्ये बाजारात आणलं. त्यामागे मायकेल श्वार्त्झ यांनी 1956मध्ये दाखवलेली रीत होती. त्यात साखळी वाढत असताना तिचं टोक मरत नाही, नवा घटक दिला की पुढे वाढत राहतं. जिवंत टोक, असंच त्याला म्हणतात.

ते जिवंत टोक कशाला नेऊन जोडायचं, यावर पुढची सगळी गोष्ट ठरते. स्टायरीन वाढवलं, मग ब्युटाडाईन वाढवलं, टोक अजून जिवंत आहे. आता दोन टोकं पकडणारा दुवा घातला तर दोन साखळ्या पाठीला पाठ लावून जुळतात आणि सरळ एसबीएस होतं. चार टोकं पकडणारा दुवा घातला, उदाहरणार्थ सिलिकॉन टेट्राक्लोराईड, तर मधे एक सांधा आणि चार दिशांना चार हात. प्रत्येक हाताच्या टोकाला स्टायरीन. फिलिप्स पेट्रोलियमने असली चौहाती रबरं पूर्वीच काढली. सरळ आणि चौहाती, दोन्हींतलं स्टायरीनचं प्रमाण सारखं ठेवता येतं. दोन्ही पिशव्यांवर 30 टक्के स्टायरीन लिहिलं, तर दोन्ही पिशव्या खरं बोलत असतात.

आता टँकरकडे येते. हंगामाच्या सुरुवातीचे टँकर चांगले होते. मग चैत्रात अवकाळी आली आणि काम तीन दिवस बंद राहिलं. डांबराची टाकी गरम ठेवलेली होती, पण ढवळणारं यंत्र बंद होतं. काम सुरू झालं त्या दिवशी सकाळचा माल पातळ आला. खडीवर डांबर बसत नव्हतं, पेव्हरमागे चकाकणारे डाग दिसत होते. दुपारनंतरचा माल उलट इतका चिवट झाला की रोलरवाल्याने तक्रार केली. मी सरळ प्लांट ऑपरेटरकडे गेले आणि सगळ्यांसमोर त्यांना बोलले, की तुम्ही तापमान सांभाळलं नाही, माल जाळला. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. काही बोलले नाहीत, फक्त तापमानाची वही आणून माझ्यासमोर ठेवली. वही बरोबर होती. दर तासाची नोंद होती, एकही खाडाखोड नव्हती. मी ती वही त्या वेळी नीट वाचली नाही, हे मला आजही बोचतं.

टाकीत डांबर वेगळं होत होतं. पंप तळातून ओढतो, म्हणून आधी तळातलं पातळ डांबर गेलं आणि पॉलिमरने भरलेला वरचा थर शेवटी आला. पॉलिमरने फुगलेला भाग हलका असतो, वर चढतो. हे कळल्यावर मी दोन नळ्या लावल्या. एक हंगामाच्या सुरुवातीच्या टँकरचा जपून ठेवलेला नमुना, एक नव्या टँकरचा. पहाटे चारला काढली ती नव्याची. जुन्याच्या दोन्ही टोकांत अंशभराचाही फरक नव्हता.

दोघांची प्रमाणपत्रं शेजारी ठेवून मी किती तरी वेळ बघत बसले. पॉलिमर एसबीएस, तेच. टक्केवारी तीच. मृदुबिंदू, लवचिक पुनर्प्राप्ती, सगळे आकडे मर्यादेत. विलगनाचा आकडाही मर्यादेत, पण तो आधीच्या मिश्रणावरून उचलून पुढे लिहिलेला निघाला. त्याबद्दल पुरवठादाराकडे पुढे रीतसर बोलणं झालं, ते इथे सांगण्यासारखं नाही. मला छळत होता तो दुसरा प्रश्न. सगळं तेच असताना वागणं वेगळं कसं?

पुण्यात एका प्रयोगशाळेत असलेल्या वर्गमित्राकडे मी दोन्ही नमुन्यांतलं पॉलिमर धुऊन, वाळवून पाठवलं. त्याने आलेख पाठवला. आकाराप्रमाणे रेणू वेगळे करणाऱ्या नळीतून गेल्यावर कोणते रेणू किती, हे त्या आलेखावर टेकड्यांसारखं दिसतं. जुन्याची एक टेकडी, मध्यम लांबीच्या साखळ्यांची. नव्याची टेकडी बरीच मोठ्या रेणूंच्या बाजूला सरकलेली, आणि तिच्या पायथ्याशी एक लहान उंचवटा. तो उंचवटा म्हणजे न जोडले गेलेले सुटे हात. दुव्याला सगळी टोकं सापडत नाहीत, थोडी मागे राहतात. सुट्या हाताची लांबी पाहिली तर जुन्या साखळीच्या निम्मी. म्हणजे हात तेच, फक्त आता दोनाऐवजी चार हात एका सांध्यात. फोनवर तो म्हणाला, "अगं, हे रेडियल आहे." मी म्हटलं, "ते दिसतंय मला. पण कुणी सांगितलंच नाही ना."

मग फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखालचे फोटो आले. त्या प्रकाशात डांबर काळं राहतं आणि पॉलिमरने डांबरातली तेलं शोषून घेतलेला भाग पिवळसर हिरवा उजळतो. जुन्या नमुन्यात बारीक पिवळे ठिपके सगळीकडे सारखे पेरलेले. नव्यात मोठमोठे थेंब, काही एकमेकांत मिसळू लागलेले. एकच टक्केवारी आणि दोन वेगळी आकाशं असावीत तसे ते फोटो मी लॅबच्या दारावर चिकटवले. मामांनी त्यांना विचारणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगितलं, माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत.

मला ते समजून घ्यायला वेळ लागला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमरच्या प्रवाहशास्त्रावर माशेलकरांनी आणि पुढे आशिष लेले यांनी जे काम केलं, त्यासाठी त्यांची नावं आम्ही वर्गात आदराने घ्यायचो, पण परीक्षेपुरतीच. आता पुस्तक पुन्हा काढलं. लुडविक लाइबलर यांचं 1980चं गणित आहे. दोन जाती सारख्या प्रमाणात असलेली दोन तुकड्यांची साखळी घ्या. त्या जातींमधली नावड आणि साखळीची लांबी यांचा गुणाकार 10.5च्या पुढे गेला की साखळ्या वेगळ्या होऊन रचना करायला लागतात. तशा दोन साखळ्या पाठीला पाठ लावून जोडल्या तर लांबी दुप्पट होते, म्हणून उंबरठा 21 असेल असं वाटतं. तो असतो 18च्या आसपास. म्हणजे जोडलेल्यांना वेगळं व्हायला नावड थोडी कमी पुरते. हात आणखी वाढवले तर उंबरठा आणखी सरकतो, पण थोडाच. ज्यांचं एक टोक आधीच सांध्यात बांधलेलं आहे, त्यांना मोकळं फिरणं गमावण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

डांबरात विरघळण्याची बाजू मला कोजागिरीच्या गर्दीवरून उमगली. अश्विनी पौर्णिमेला सोलापूरहून लोक रात्रभर चालत तुळजापूरला येतात. वाहनं बंद करून सगळा रस्ता चालणाऱ्यांना दिलेला असतो. लहानपणी एकदा आईबरोबर मी त्या गर्दीत होते. एकटादुकटा माणूस गर्दीत कुठेही शिरतो, कुठूनही निघतो, दहा मिनिटांत दिसेनासा होतो. पण आम्ही चौघी हात धरून होतो. आम्हांला विखुरता येत नव्हतं. गर्दी आमच्याभोवतून वाहायची, आम्ही एका जागी गोळा. मिसळण्याचा ओढा हा मोकळ्या माणसांच्या संख्येवर अवलंबून असतो. एक किलो पॉलिमर दोन हातांच्या साखळ्यांत असेल तर जितके रेणू, चार हातांच्या साखळ्यांत त्याच्या निम्मे. नावड तेवढीच, पण विखुरण्यातून मिळणारं निम्मं. म्हणून चौहाती रबर डांबरात उशिरा फुगतं, आणि नीट दळून मिसळलं नाही तर पुन्हा गोळा होऊन वर येतं.

चौहाती वाईट, असं मात्र कुणी समजू नये. उलट, ते नीट मिसळलं की त्याचं जाळं बळकट होतं. सरळ साखळीची दोन टोकं दोन गाठींत, त्यातली एक निसटली की साखळी लोंबकळते. चार टोकं चार गाठींत असतील तर एक निसटून तीन उरतात. आम्ही पुढे त्याच रबराचं नीट मिसळलेलं डांबर ओढून पाहिलं. 15 अंशांच्या पाण्यात दहा सेंटीमीटर ताणून मधोमध कापलं, तासाभराने मोजलं, तर ते जवळजवळ मूळ जागी परतलं होतं. सरळवालं एवढं परतत नसे. उन्हाळ्यातल्या चाकोरीसाठी मी कधीही चौहातीच निवडेन, फक्त ते चौहाती आहे हे मला आधी सांगा.

फांद्यांचा खरा चमत्कार मात्र वेगळ्या रेणूंत दिसतो, आमच्या रबरात नाही. आमच्या रबराचे चारही हात एकसारखे. पण एका सांध्यातून एका जातीचा एक हात आणि दुसऱ्या जातीचे दोन हात काढले तर? अशा असमान फांद्यांचं गणित स्कॉट मिल्नर यांनी 1994मध्ये मांडलं. ते वाचताना मला माझं गाव दिसलं.

आमच्याकडे रब्बीची ज्वारी. काढणी झाली, कणसं मोडली की कडब्याच्या पेंढ्या बांधतात आणि खळ्याशेजारी गंज लावतात. घरातले आण्णा गंज लावायचे आणि मी पेंढ्या द्यायची. पेंढीचा बुडखा जाड, शेंडा बारीक. आण्णा प्रत्येक पेंढी बुडखा बाहेर, शेंडा आत असा ठेवायचे. मी एकदा विचारलं, गंज गोलच का लावायची? ते म्हणाले, "आपण कुठं गोल करतोय बाई? बुडखा एका अंगाला ठिवला की ती आपुआप वळती." खरंच तसं होतं. जाड बाजूला जागा जास्त लागते, म्हणून ओळ बाहेरच्या बाजूला पसरत वळत जाते आणि वर्तुळ पुरं होतं. गाडीत कडबा भरताना मात्र सपाट थर हवा असतो, तेव्हा एक पेंढी अशी, एक तशी, उलटसुलट ठेवतात. तेव्हा ती वळत नाही.

एका सांध्यातून दोन हात निघाले की ती बाजू बुडख्यासारखी दाटीची होते. एकट्या हाताची बाजू शेंड्यासारखी. दोन जातींमधली सीमा मग सपाट राहू शकत नाही. ती वळते, आणि दाटीची बाजू वळणाच्या बाहेर जाते, कारण बाहेर जागा जास्त. दोन हात आयसोप्रीनचे, म्हणजे रबराचे, आणि एक स्टायरीनचा असे रेणू करून प्रयोग झाले आहेत. ज्या प्रमाणात सरळ साखळीने सपाट थर केले असते, त्या प्रमाणातही या रेणूंनी स्टायरीनच्या नळ्या केल्या आणि आयसोप्रीन बाहेर पसरलं. टक्केवारी बदललेली नाही. सांध्यातून किती हात निघतात तेवढंच बदललं, आणि पदार्थाची अख्खी रचना वेगळी झाली. त्या उन्हाळ्यात घरी गेले तेव्हा मी हे आण्णांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग तुमच्या पुस्तकात कडबा बी हाय म्हण की."

कामावर परतल्यावर काही गोष्टी बदलल्या. टाकीचं ढवळणारं यंत्र बंद करायचं नाही, पाऊस असो वा सुट्टी. टाकीत माल पडून राहिला तर पंप लावण्याआधी वरून आणि खालून नमुना घ्यायचा. पुरवठादाराने मिश्रणात गंधक घालून साखळ्यांना आपसांत बांधायला सुरुवात केली, त्याने पॉलिमर डांबरात टिकून राहतं. मी प्लांट ऑपरेटरकडे गेले, सगळे हजर असताना, आणि चूक माझी होती हे सांगितलं. ते म्हणाले, "राहू द्या मॅडम, वही हाय ना." ती वही मी नंतर पहिल्या पानापासून वाचली.

आणि मी एक पत्र लिहिलं, प्रमाणपत्रात एक ओळ वाढवा म्हणून. पॉलिमर सरळ की फांद्यांचं, फांद्यांचं असेल तर किती हात, न जोडलेले किती टक्के. वरिष्ठांना वाटलं, ही कॉलेजातली हौस आहे. मी दारावरचे दोन फोटो काढून त्यांच्या टेबलावर ठेवले. खोलीत कुणी बराच वेळ बोललं नाही. शेवटी त्यांनी पत्रावर सही केली. ती ओळ आता आमच्या कामावर येणाऱ्या कागदावर असते. देशभरच्या मानकात ती यावी, असं मला कळकळीने वाटतं. रस्त्यावरचा माणूस टक्केवारीवर घसरत नाही, चाकोरीत घसरतो. आणि चाकोरी पडते की नाही हे साखळ्या कशा जोडल्या आहेत, यावरही ठरतं.

कागदावर ओळ आली म्हणून मी नळी लावायची सोडलेली नाही. काल संध्याकाळी आलेल्या टँकरवर हाताने लिहिलेलं आहे, चौहाती. मामांनी नमुना भरला, मी झाकण घट्ट दाबलं आणि नळी ओव्हनमध्ये उभी केली. उद्या संध्याकाळी सातला काढायची आहे. मामांनी फ्रीजरमध्ये जागा करून ठेवली आहे.